फवारणीनंतर डोळ्यांची बाहुली पाहावी

कपाशीवर प्रोफेनोफॉससारखे ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक औषध फवारताना ते केवळ श्वासावाटेच नव्हे, तर पाठीवरच्या पंपातून गळून भिजलेल्या सदऱ्यामधून कातडीवाटेही शरीरात शिरते आणि मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो थांबवणारे विकर (एन्झाइम) निकामी करते. परिणामी स्नायूंना व ग्रंथींना संदेश मिळतच राहतो. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, लाळ गळणे, दरदरून घाम येणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे ऊन लागल्याची समजून अंगावर काढू नयेत (२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते). हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. औषधाचा डबा सोबत असावाच, कारण त्यावरील नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवणे सोपे जाते.