सोप्रानोच्या प्रयोगाची समीक्षा कशी लिहावी: सांगलीच्या नाट्यरसिकांसाठी

ऑपेरातील (पाश्चात्त्य संगीत नाटकातील) सोप्रानोबद्दल, म्हणजे स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेबद्दल, लिहिताना ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ अशी विशेषणे कागदावर उतरण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: नाटकाच्या नेमक्या कोणत्या जागी तिने काय केले? स्तुती कितीही मनापासून केलेली असली, तरी ती जागा सांगितली नाही तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सांगलीच्या प्रेक्षकाला हे काम अवघड वाटू नये, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हापासून गाणे आणि नाटक एकत्र पाहण्याची या गावाला सवय आहे.

मात्र संगीत नाटकाची एक अपेक्षा बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे नट पद रंगवतो, आलाप-तानांनी फुलवतो आणि वन्समोअर मिळाला की पुन्हा नव्याने मांडतो; ऑपेरात बहुतेक स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेले असतात. म्हणून गायिकेने नवे काय घेतले यापेक्षा लिहिलेला स्वर तिने किती जोराने, किती हळुवारपणे, कोणत्या लयीत आणि कोणत्या भावनेने लावला, याकडे कान द्यावा.

उदाहरणासाठी इटालियन रचनाकार व्हेर्दी यांचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा घ्यावा, कारण त्यातील नायिका व्हायोलेत्ताची भूमिका प्रत्येक अंकात वेगळा गळा मागते. पहिल्या अंकाच्या शेवटी वेगवान ताना आहेत. तेथे अनेक गायिका अखेरीस तारसप्तकातील एक अत्युच्च स्वर लावतात आणि टाळ्या घेतात. तो स्वर व्हेर्दींनी लिहिलेला नाही, त्यामुळे तो लागला किंवा लागला नाही एवढ्यावरून प्रयोगाची किंमत ठरवू नये. दुसऱ्या अंकात प्रियकराच्या वडिलांसमोर ती त्यागाला तयार होते, तो भाग अगदी हलक्या आवाजात आहे, आणि थोड्याच वेळाने प्रियकराचा निरोप घेताना तोच आवाज संपूर्ण वाद्यवृंदावर पसरावा लागतो. या दोन टोकांमधला प्रवास ऐकू आला का, हे अवश्य लिहावे.

तिसऱ्या अंकात तर आपल्या प्रेक्षकाने पूर्ण अधिकाराने बोलावे. क्षयाने खंगलेली व्हायोलेत्ता एक पत्र वाचते. ते गायचे नसते: सूर न लावता, खालच्या आवाजात, पण लयीत वाचावे अशी सूचना स्वरलेखनात आहे, आणि मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातील प्रेमाची धून वाजत असते. वाचून झाल्यावर ती म्हणते, ‘उशीर झाला!’ गद्य कसे फेकावे आणि कोठे थांबावे, हे सांगलीकराला शिकवावे लागत नाही. नंतरच्या गाण्याचा शेवटचा स्वर प्रसिद्ध सोप्रानो मारिया कॅलास यांनी लंडनच्या कोव्हेंट गार्डन या ऑपेरागृहात १९५८ साली धाग्यासारखा बारीक ठेवला होता. भरदार स्वराची वाट पाहणाऱ्याला तो दुबळा वाटेल, पण मरणाऱ्या स्त्रीचा स्वर म्हणून ऐकला तर तो थक्क करतो. समीक्षेत दोन्ही बाजू मांडून आपला कौल स्पष्ट द्यावा.

शब्द अस्पष्ट येतात अशी तक्रार घाईने करू नये. फार उंच स्वरांवर सोप्रानोला आवाज दूरवर पोहोचवण्यासाठी तोंड अधिक उघडावे लागते आणि तेथे स्वरवर्णांतला फरक पुसट होतो. मधल्या पट्टीतही शब्द कळत नसतील, तरच तो दोष मानावा. तसेच ऑपेरागृहात सहसा ध्वनिक्षेपकाविना गातात, तर चित्रफितीतील आवाज मायक्रोफोनने टिपलेला असतो, त्यामुळे पडद्यावर पाहून ‘आवाज किती मोठा’ यावर मत देऊ नये.

शरीरावर टिप्पणी टाळावी. १८५३ साली व्हेनिसमध्ये याच ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात नायिकेच्या गायनाला आरंभी टाळ्या मिळाल्या, पण स्थूल देहाची ही स्त्री क्षयाने मरते हे प्रेक्षकांना पटले नाही आणि त्यांनी तिची टर उडवली. ज्या बालगंधर्वांचे नागठाणे आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यांची सिंधू ज्या मराठी प्रेक्षकाने मनापासून मानली, त्याने तरी हा निकष वापरू नये, असे मला ठामपणे वाटते.

इतरांची स्तुती उद्धृत करायची असेल, तर ती कोणत्या भूमिकेसाठी, कोणत्या शहरात आणि कोणत्या साली झाली हे तपासावे. जाहिरातीत छापलेला अर्धा शब्द घेऊ नये. सोप्रानो जोन सदरलँड यांचे नाव १९५९ साली कोव्हेंट गार्डनमधील ‘लुचिया’ने (दोनिझेत्ती यांच्या ऑपेरातील नायिकेच्या भूमिकेने) जगभर झाले, असे लिहिले की वाचक ते ध्वनिमुद्रण शोधून स्वतः पडताळू शकतो. आपण पाहिलेल्या प्रयोगाचे वर्ष, नाट्यगृह आणि वाद्यवृंदाच्या संचालकाचे नाव हेही समीक्षेच्या पहिल्याच परिच्छेदात द्यावे.