गच्चीवरच्या चावट पत्त्यांची तयारी

खेळ असा: दर डावाला एक जण प्रश्नाचा पत्ता वाचून निवाडा करतो, बाकीचे हातातल्या पत्त्यांतलं एक चावट उत्तर टाकतात. पत्ते घरीच छापायचे. आधी माणसं मोजा, पत्ते किती लागणार ते त्यावर ठरतं. आठ जण, प्रत्येकाच्या हातात सात उत्तरं आणि वीस डाव असतील तर सुरुवातीला ५६ पत्ते वाटून जातात. पुढं दर डावाला निवाडा करणारा सोडून सात जण एकेक पत्ता टाकून नवा उचलतात. शेवटच्या डावानंतर उचलायचं नसतं, म्हणजे आणखी १३३, एकूण १८९. ए-फोर कागदावर नेहमीच्या पत्त्याच्या मापाचे नऊ बसतात, म्हणून उत्तरांना बरोबर २१ कागद. प्रश्नांचे तीन कागद काढा, २७ होतील. सात जास्तीचे असू देत, फुसके निघतातच.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे पुठ्ठ्यासारखा जाड घ्या आणि लग्नपत्रिका छापतात तिथंच कापून घ्या, कात्रीनं कापलेला पत्ता पाठीवरून ओळखू येतो. गेल्या वर्षी आम्ही साध्या झेरॉक्सच्या कागदावर भागवलं. बल्ब पाठीमागं होता, त्यामुळं समोरच्याला सगळ्यांची उत्तरं आरपार वाचता येत होती. पाचव्या डावापर्यंत कुणी बोललं नाही, मर्दा!

खेळ मूळचा अमेरिकेतला, ‘कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’. आठ मित्रांनी नववर्षाच्या पार्टीसाठी केला आणि २०११ मध्ये लोकांकडून पैसे जमवून बाजारात आणला. काळ्या पत्त्यावर प्रश्न, पांढऱ्यावर उत्तर. एक जण निवाडा करतो, बाकीचे पालथी उत्तरं टाकतात, ज्यावर जास्त हसू येईल ते जिंकतं. घरापुरती स्वतःची आवृत्ती करायला त्यांच्या परवान्यात मुभा आहे, विकायला नाही. निवाडा करणाऱ्याला आम्ही आधी ‘पाटील’ म्हणायचो, पण कंपूत खरे पाटील दोन निघाले, म्हणून आता ‘गौडा’, म्हणजे कन्नडमधला पाटीलच.

मूळ पत्ते मराठीत आणायच्या भानगडीत मात्र पडू नका. इंग्रजीत रिकामी जागा कुठंही सोडली तरी चालते, आपल्याकडं विभक्ती आडवी येते. ‘____मुळे माझं लग्न मोडलं’ असं लिहिलंत आणि कुणी ‘कुंदा’ (बेळगावची मिठाई) टाकला, की वाचणारा ‘कुंद्यामुळे’ऐवजी ‘कुंदामुळे’ म्हणणार आणि विनोद तिथंच आपटणार. ‘पिशवीत ____ सापडली’ म्हटलं की पुल्लिंगी उत्तरं सगळी बाद. म्हणून प्रश्न सरळ प्रश्नासारखाच लिहा: ‘सासूबाईंच्या पर्समध्ये काय निघालं?’ उत्तर सुटं पडू दे: ‘अर्धा किलो कुंदा, चाटलेला’. उत्तरं जितकी ठराविक तितकी बरी. ‘दारू’ला कुणी हसत नाही, ‘चोर्ला घाटात ओकलेली काजू फेणी’ला हसतात.

कंपूतल्या दोघांना मराठी फर्डं येतं, पण वाचता फक्त कन्नड येतं. शेजाऱ्याला कानात वाचायला लावलं तर गुपित फुटतं. तेव्हा प्रत्येक उत्तराखाली बारीक अक्षरात कन्नडमध्येही लिहून घ्या. १८९ पत्ते म्हणजे दोन संध्याकाळी जातात, हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नका.

बेळगावचा सीमाप्रश्न पत्त्यांत घ्यायचा का, यावर दरवर्षी वाजतं. माझं म्हणणं, घ्या की, पण एकाच बाजूला झोंबणारा पत्ता नको. ‘लग्नाला वीस वर्षं झाली, बायको अजून कशाची वाट बघत्येय?’ याला ‘सुप्रीम कोर्टातली पुढची तारीख’ पडली तेव्हा मराठी-कन्नड दोन्हीकडचे गडाबडा लोळले. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून तिथंच आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. जातीवरचे आणि हजर माणसाच्या आजारपणावरचे पत्ते लिहूच नका.

गच्चीवर वारं असतं, पत्त्यांच्या ढिगाऱ्यावर ठेवायला दोन जड दगड आणा. भडंग कागदाच्या पुडीत नको, वाटी आणि चमचा द्या, तेलकट बोटांचा डाग पडला की तो पत्ता जन्माचा ओळखीचा. लाइट जाते, चार्जिंगचा दिवा हवाच. पोरांना आजीकडं शहापूरला सोडून या, खाली झोपवलेली पोरं नेमकी जिन्यात येऊन बसतात.

उठायच्या आधी पत्ते मोजून डब्यात भरा, १८९ आणि २७. गेल्या खेपेला एक कमी भरला होता. दोन दिवसांनी तो आईच्या आरतीच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला सापडला. बारीक अक्षर तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून निभावलं.