पावसाळ्याआधी डिशची छत्री नीट कशी लावावी

रत्नागिरीकडे जोराची सर आली की टीव्हीवरचं चित्र फुटतं आणि मग पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं येतं. डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणारा टीव्ही, साधारण १२ गिगाहर्ट्झवर, केयू बँड नावाच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात चालतो. तिथे तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, त्यामुळे काही मिलिमीटरचे थेंबही लहरी शोषतात आणि विखुरतात. ताशी ५० मिमीच्या पावसात दर किलोमीटरला सिग्नलचे २ ते २.५ डेसिबल (घट-वाढ मोजायचं एकक) जातात. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी. वर पाऊस स्वतःचा रेडिओ-गोंगाटही मिसळतो. पाऊस अडवता येत नाही, पण उघडीप असताना सिग्नलची शिल्लक वाढवून ठेवता येते. तेच काम मे महिन्यात करा.

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५° पूर्वेला आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १२८° वर, आणि क्षितिजापासून ५९° उंच दिसतो. लहरींची वाट आग्नेयेकडे सुमारे तीन किलोमीटर अंतरापर्यंत पावसाच्या थरातून येते. म्हणून आपलं अंगण कोरडं असतानाही सिग्नल जाऊ शकतो.

सेट टॉप बॉक्सवर ‘क्वालिटी’ची पट्टी उघडा, ‘स्ट्रेंग्थ’वर विसंबू नका, ती गोंगाटही मोजते. नट किंचित सैल करून छत्री आडवी अगदी थोडी फिरवा आणि दर वेळी दोन-तीन सेकंद थांबा, पट्टी उशिरा हलते. डावीकडे आणि उजवीकडे क्वालिटी सारखीच घसरते त्या दोन जागांवर खूण करा आणि छत्री बरोबर मधोमध आणा. उंचीचा कोनही असाच साधून घ्या. मग एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेलं, सिग्नल पकडणारं उपकरण) जागच्या जागी गोल फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे ठेवा. नट आवळताना छत्री हमखास सरकते. आवळल्यावर पट्टी पुन्हा पाहाच.

६० सेंमीऐवजी ९० सेंमीची छत्री साडेतीन डेसिबल जास्त देते. कोकणात हा खर्च सार्थकी लागतो, फक्त तिचा झोत अरुंद असल्याने नेम जास्त काटेकोर हवा. तरीही ताशी १०० मिमीची सर सिग्नल घालवू शकते. तेव्हा ओल्या छपरावर मुळीच चढू नका. सर ओसरली की चित्र आपोआप येतं.

तासाभरानेही आलं नाही, तर पाणी एलएनबीच्या कनेक्टरमध्ये शिरल्याची शक्यता जास्त. उघडीप पाहून, बॉक्स बंद करून कनेक्टर काढा. आतली तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापा, नवा कनेक्टर लावून त्यावर रबराची टेप ताणून गुंडाळा, आणि केबलला एलएनबीखाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.