अ‍ॅन्सिबलमध्ये मॉड्यूल सापडत नाही? या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजात लॅबभर उबुंटूची मशिनं, लायब्ररीत कोहाचा (ग्रंथालय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर आणि हे सगळं सांभाळायला एकच माणूस. दर्यापूर घ्या की पुसद, असा माणूस आज ना उद्या अ‍ॅन्सिबलकडे, म्हणजे एका जागेवरून अनेक मशिनी सांभाळणाऱ्या टूलकडे वळतोच, आणि लगेच मॉड्यूलच्या (एकेक काम करणाऱ्या त्याच्या छोट्या प्रोग्रामच्या) एररवर अडकतो. मग गूगलवर जे दिसेल ते पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजेस टाकायची कमांड) मारत सुटतो. तसं करू नका. आधी बघा, नेमकं कोणत्या मशीनवर काय नाही.

‘कुडन्ट रिझॉल्व्ह मॉड्यूल/अ‍ॅक्शन’ आलं, तर दोष तुमच्याच मशीनचा, म्हणजे जिथून प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला द्यायच्या कामांची फाइल) चालवता तिथला. लॅबच्या मशिनींना हात लावायची गरजच नाही. 2020 मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल 2.10 पासून बहुतेक मॉड्यूल्स वेगवेगळ्या कलेक्शनमध्ये, म्हणजे वेगळ्या टाकायच्या गठ्ठ्यांमध्ये गेली. नुसतं अ‍ॅन्सिबल-कोअर (अ‍ॅन्सिबलचा मूळ गाभा) टाकलं असेल तर फक्त बिल्टइन मॉड्यूल्स मिळतात. जुन्या प्लेबुकमध्ये, समजा, फायरवॉलच्या मॉड्यूलसाठी नुसतं ‘यूएफडब्ल्यू’ लिहिलेलं असतं. तिथे ‘कम्युनिटी डॉट जनरल डॉट यूएफडब्ल्यू’ असं पूर्ण नाव लिहा आणि ते कलेक्शन टाका. स्पेलिंगही एकदा तपासा, निम्मा वेळ तिथेच जातो.

कलेक्शन टाकलं, तरी तीच एरर? मग बहुधा सुडो (रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) आडवा आलाय. साध्या युजरने टाकलेलं कलेक्शन त्याच्या होममधल्या डॉट-अ‍ॅन्सिबल फोल्डरात जातं. प्लेबुक सुडो लावून चालवलं की अ‍ॅन्सिबल रूटच्या होममध्ये शोधतं, आणि तिथे काहीच नसतं. प्लेबुक साध्या युजरनेच चालवा, रूटचे अधिकार हवे तिथे प्लेबुकमध्ये ‘बिकम’ लिहा. ‘अ‍ॅन्सिबल डॅश-डॅश व्हर्जन’ दिलं की कलेक्शन कुठे शोधतंय, कोणती कॉन्फिग फाइल वाचतंय आणि पायथन कोणतं, हे सगळं समोर येतं. मदत मागायच्या आधी एवढं तरी बघून घ्या, भाऊ.

आता नेट. वीज गेली की राउटर बंद, आणि कलेक्शन अर्ध्यात. जिथे नेट धड आहे तिथे ‘अ‍ॅन्सिबल-गॅलेक्सी कलेक्शन डाउनलोड’ चालवा. ज्यावर ते कलेक्शन अवलंबून आहे तेही सोबत उतरतं, आणि फोल्डरात रिक्वायरमेंट्सची फाइल तयार मिळते. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, कॉलेजात त्याच फोल्डरात शिरून त्या फाइलवरून इन्स्टॉल करा. नेट लागत नाही.

एरर ‘फेल्ड टू इम्पोर्ट द रिक्वायर्ड पायथन लायब्ररी’ अशी असेल, तर मात्र पलीकडच्या मशीनवर, म्हणजे ज्यावर अ‍ॅन्सिबल काम करतंय तिथे, पायथनची लायब्ररी नाही. कोहाच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेसचं मॉड्यूल चालवलं की ‘पायमायएसक्यूएल’ हवं म्हणून शब्द थोडे वेगळे येतात, पण गोष्ट तीच. तुमच्या लॅपटॉपवर ते कितीदाही टाका, सर्व्हरला काय फरक पडणार? प्लेबुकमध्येच त्या टास्कच्या आधी एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या साधनाने) ‘पायथन3-पायमायएसक्यूएल’ टाकणारी टास्क ठेवा. हाताने टाकलं तर मशीन फॉरमॅट झाल्यावर पुन्हा तेच रडगाणं.

‘सिक्स डॉट मूव्ह्ज’ नाही अशी एरर आली तर सिक्स (पायथनची एक लायब्ररी) शोधत बसू नका. उबुंटू 24.04 मध्ये पायथन 3.12 आहे आणि 2.9 सारखं जुनं अ‍ॅन्सिबल त्याच्यावर चालत नाही. तुमच्या मशीनवरचं अ‍ॅन्सिबल नवं करा. उलटंही होतं: अ‍ॅन्सिबल-कोअर 2.17 पासून पलीकडे पायथन 3.6 चालत नाही, त्यामुळे जुना सर्व्हर असेल तर अपग्रेड करायच्या आधी त्याचं पायथन बघून घ्या.