युरोपला माल पाठवताना ‘रोहस’ची पूर्तता कशी करावी

‘रोहस’ म्हणजे विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपीय संघाचा २०११/६५ हा निर्देश. त्यानुसार शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप), पीबीबी व पीबीडीई ही ज्वालारोधके आणि चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) यांची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के, तर कॅडमियमची ०.०१ टक्के आहे. ही टक्केवारी संपूर्ण उपकरणावर नव्हे, तर प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजली जाते आणि बहुतेक चुका इथेच होतात. साधी वायर घेतली, तरी तांब्याची तार, तिच्यावरचा कथिलाचा मुलामा आणि पीव्हीसीचे आवरण हे तीन वेगळे पदार्थ ठरतात.

प्रथम सुट्या भागांच्या यादीतील जोखमीचे भाग वेगळे काढावेत: मऊ पीव्हीसी, पिवळसर मुलाम्याचे स्क्रू, रंगीत प्लास्टिक, जुना साठा. पुरवठादाराकडून भाग क्रमांकासह घोषणापत्र घ्यावे. ‘आमचा सर्व माल रोहस आहे’ अशा एका ओळीच्या पत्राला फारसा अर्थ नसतो. शंका असल्यास एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारी) तपासणी करावी, मात्र ती एकूण क्रोमियम दाखवते, षट्संयुजी किती हे सांगत नाही, आणि थॅलेट तिला दिसतच नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील रासायनिक चाचणीच लागते.

दुरुस्तीच्या टेबलावर ६३/३७ चे शिसेयुक्त सोल्डर उरलेले नाही ना, हेही पाहावे. काही वापरांसाठी या मर्यादांतून मिळणाऱ्या सवलती मुदतीच्या असतात, म्हणून त्यांची तारीख नोंदवावी. तांत्रिक कागदपत्रे ईएन आयईसी ६३००० या मानकानुसार तयार करून, माल बाजारात आल्यापासून १० वर्षे जपावी लागतात.