बहिरी ससाण्याची जोडी: कपारीपासून लांब राहून निरीक्षण कसं करायचं

बहिरी ससाणा घरटं बांधत नाही. कड्याची कपार, उंच इमारतीचा सज्जा, पुलाचा खांब, जिथे थोडी खडी-माती साचलेली असेल तिथे छाती टेकून पायांनी उकरतो आणि एक उथळ खळगा करतो, बस्स. कधी डोमकावळ्याचं जुनं घरटं वापरतो, पण स्वतः एक काडी आणत नाही. खालून ना खळगा दिसतो, ना अंडी. आत काय चाललंय ते जोडीच्या वागण्यावरूनच ओळखावं लागतं.

कड्यावरच्या पांढऱ्या विष्ठेच्या रेघा बघून जागा ठरवायची घाई करू नका. त्या बहुतेक वेळा बसायच्या ठरलेल्या जागांखाली असतात आणि कोरड्या कड्यावर पुढच्या हंगामापर्यंतही टिकतात. अंड्यांवर बसणारा पक्षी विष्ठेसाठी उडून बाहेर जातो, त्यामुळे उबवणीच्या काळात खरी कपार बऱ्यापैकी स्वच्छ असते. पांढरी होते ती पिल्लं मोठी झाल्यावर.

उभं राहायचं ते खालच्या बाजूला, कड्यापासून निदान ३०० मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून. माथ्यावर अजिबात जायचं नाही. खाली चालणारा माणूस ससाणा बराच वेळ खपवून घेतो, वरून डोकावलेला घेत नाही. रस्ता जवळ असेल तर गाडीत बसून राहणं उत्तम. ‘कॅक-कॅक-कॅक’ अशी सलग कर्कश ओरड सुरू झाली आणि ती तुमच्यासाठी आहे असं वाटलं, तर लगेच मागे फिरा. ‘होईल सवय’ म्हणत थांबणाऱ्यांमुळेच अंडी गार पडतात. दहा दिवसांच्या आतली पिल्लं थंडी-पावसात उघडी पडली तर दगावतात, आणि पाच आठवड्यांची पिल्लं घाबरून वेळेआधी उडी टाकतात. ड्रोन नको, आवाज वाजवून बोलावणं नको. अनेक देशांत विणीच्या काळात त्रास देणं हा गुन्हाच आहे.

शोधायला ८×४२ किंवा १०×४२ (आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. कपार बघायला मात्र ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप (जास्त पट मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण) हवा. त्यावर ६०× लिहिलेलं असलं तरी दगड तापला की हवा थरथरते आणि चित्र विरघळतं. २५-३०× वर जास्त कळतं. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर कॅमेऱ्याच्या लेन्सऐवजी स्कोपवर घाला. सकाळचे पहिले तीन तास सर्वांत फळाचे, पण एका बैठकीत तीन-चार तास काढायची तयारी ठेवा. अर्ध्या तासाच्या फेरीत बहुधा रिकामा कडाच दिसतो.

नर-मादी ओळखायची तर दोघं एकत्र दिसली पाहिजेत. नर साधारण एक तृतीयांशाने लहान, बहुधा छातीला जास्त पांढरा, मादी दणकट. जोडीतला एखादा पक्षी तपकिरी असेल आणि खालच्या बाजूला आडव्या पट्ट्यांऐवजी उभ्या रेघा असतील, तर तो गेल्या वर्षीचा आहे. अशा जोडीची वीण सहसा यशस्वी होत नाही.

उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात फेब्रुवारीपासून हवेतल्या कसरती, नराने मादीला शिकार देणं आणि कपारीत समोरासमोर माना झुकवणं दिसू लागतं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत अंडी, बहुधा ३ किंवा ४, साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने. इथेच तारखा चुकतात. पहिल्या अंड्यानंतर मादी नुसती खळग्यावर उभी असते किंवा थोडा वेळ बसते. खरी उबवणी शेवटच्या किंवा त्याआधीच्या अंड्यापासून सुरू होते. उभी मादी ‘बसली’ म्हणून लिहिली, की पुढचं सगळं गणित चार-पाच दिवसांनी सरकतं.

अंडी आहेत की नाहीत, हे बसण्याच्या पद्धतीवरून कळतं. अंड्यांवर बसताना ससाणा नख्या आत वळवून पायांच्या मुठी करतो, पाय जपून टाकतो, आणि अंग डावी-उजवीकडे डोलवत हळूहळू खाली येतो. नुसतं विसावताना हे डोलणं नसतं. एकदा बसला की तासन्‌तास पाठ किंवा शेपटीचं टोकच दिसतं. तेव्हा नजर ठेवायची ती पाळी बदलण्यावर: नर शिकार घेऊन येतो, हाक देतो, मादी उठून शिकार घेते आणि लांब जाऊन खाते, नर अंड्यांवर बसतो. रात्रीची पाळी मादीची.

वहीत ओळ अशी असावी: ‘०६:४२ नर शिकारीसह, पूर्वेकडून. ०६:४४ मादी घेऊन गेली. ०६:४५ नर खळग्यावर.’ काहीच घडलं नाही तेही लिहा.

पक्क्या उबवणीपासून अंदाजे ३३ दिवसांनी शिकार पहिल्यांदा कपारीतच नेली जाते आणि मादी मान खाली घालून बारीक तुकडे पुढे करताना दिसते. म्हणजे पिल्लं बाहेर आली. उबवणी ४० दिवसांपुढे गेली किंवा दोघंही तासभर खळगा सोडून निवांत बसली, तर वीण फसली समजा. अंडी सुरुवातीलाच गेली असतील तर दोनेक आठवड्यांनी मादी पुन्हा घालू शकते, अनेकदा दुसऱ्या कपारीत. म्हणून लगेच पाठ फिरवू नका. फसलेल्या विणीच्या नोंदींनाही मोल असतं. ब्रिटनमधले पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ कपारींतल्या फुटक्या अंड्यांची नोंद ठेवत होते. त्यातूनच पुढे १९६७ मध्ये त्यांनी अंड्यांची कवचं पातळ झाल्याचं दाखवलं, आणि त्यामागच्या डीडीटी या कीटकनाशकाचा माग लागला.

पिल्लांचं वय लवेवरून काढा. दोन आठवड्यांची नुसती पांढरी. तिसऱ्या आठवड्यात पंख-शेपटीच्या कडेला गडद पिसं फुटतात. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास डोक्यावर लवेचे थोडेसे झुबके उरतात. पिल्लं मोजायची ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्याआधी ती मादीखाली असतात, नंतर कपारीभर पांगतात आणि एखादं सुटतं. ३५ ते ४५ दिवसांत उडतात, नर माद्यांच्या थोडे आधी.

फोटो टाकताना जागेचं नाव, ओळखू येईल असा कडा आणि फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाका. अंडी आणि पिल्लं चोरणारे हेच शोधत असतात.

पहिल्या उड्डाणात पिल्लू खाली उतरलं, तर कड्यापाशी हात लावू नका. आई-बाप तिथेच खाऊ घालतात. रस्त्यावर पडलं असेल तर मात्र त्यावर टॉवेल टाकून उचला, नख्या सांभाळा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. खाणं-पाणी देऊ नका, आणि लगेच वन्यजीव बचाव पथकाला कळवा. जखम नसेल तर त्याच दिवशी त्याला जवळच्या उंच गच्चीवर परत ठेवता येतं.