शिरेतून बीपीचं औषध देताना या चुका टाळा

कॅज्युअल्टीत 220/120 रीडिंग आलं की कोणीतरी लगेच इंजेक्शन भरायला घेतं. थांबा. मेंदू, हृदय, किडनी किंवा डोळ्यांना ताजी इजा होत असेल तरच शिरेतून औषध द्यायचं. छातीत दुखतंय का, दम लागलाय का, बोलणं असंबद्ध झालंय का, दिसायला अंधुक झालंय का, हे विचारा. ईसीजी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवी बघा. यातलं काहीच नसेल तर गोळ्या पुरतात. पुष्कळदा गोळ्या बंद केल्यामुळेच बीपी चढलेलं असतं. जाड दंडाला बीपी मोजायचा लहान पट्टा (कफ) बांधला तरी आकडा खोटा चढतो, आणि लघवी तुंबली असेल तर आधी ती मोकळी करा.

सगळ्यात महागात पडते ती बीपी नॉर्मलला आणायची घाई. वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला अचानक दाब उतरला की रक्त पुरत नाही आणि उपचारानेच पक्षाघात होतो. म्हणून पहिल्या तासात सरासरी दाब (एमएपी, म्हणजे एका ठोक्याभरातला धमनीतला सरासरी दाब) 25 टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नका. पुढच्या 2 ते 6 तासांत 160/100 च्या आसपास आणा, उरलेलं 24 ते 48 तासांत. बीपी उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणं याच कारणाने बाद झालं. कुठे अजून चालत असेल तर कृपा करून बंद करा.

महाधमनी आतून फाटली असेल तर मात्र घाई हवीच: वरचा आकडा 120 च्या खाली. पण आधी एस्मोलॉल किंवा लॅबेटालॉलने नाडी आवरा, नुसतं रक्तवाहिनी सैल करणारं औषध दिलं तर हृदय जोरात धावतं आणि चीर वाढते. गुठळीचा पक्षाघात असेल आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर 220/120 पर्यंत सहसा हात लावत नाहीत.

लॅबेटालॉलआधी दमा आणि हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशांना अडथळा, रक्तवाहिनीतला ब्लॉकेज नव्हे) विचारायलाच हवा.

ड्रिप चालू असून बीपी हलत नसेल तर डोस वाढवण्याआधी सलाईनची जागा सुजलीय का, नळी दुमडलीय का ते बघा. उलट बीपी धाडकन पडलं तर त्याच लाईनमधून कोणी अँटिबायोटिक ढकललं का, ते सिस्टरांना विचारा. नळीत साठलेलं औषध त्या धक्क्याने एकदम आत जातं. या औषधाला वेगळी लाईन ठेवा, आणि गोळ्या सुरू केल्याशिवाय ड्रिप काढू नका.